कांजण्या बऱ्या झाल्या, मग विषाणू गेला कुठे?

तुम्ही जे विचारलंय ते आधी एका दमात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आईला, वय ६८, परवा पाठीपासून पोटापर्यंत एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठला. डॉक्टरांनी नागीण सांगितली आणि वर म्हणाले, हा लहानपणीच्या कांजण्यांचाच विषाणू, साठ वर्षं अंगातच दबा धरून होता. तेव्हापासून तुम्हाला चैन नाही. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे, त्याचं काय? बाकीचे विषाणूही असेच अंगात मुक्काम ठोकतात का? ठोकत असतील तर गोवर एकदाच का होतो, आणि जात असतील तर सर्दी पुन्हापुन्हा का होते? शिवाय घाबरून तुम्ही स्वतःचं रक्त तपासून घेतलंत आणि हर्पिसच्या 'आयजीजी'पुढे, म्हणजे त्या विषाणूला अडवायला शरीरानं बनवलेल्या प्रथिनांपुढे (प्रतिपिंडांपुढे), पॉझिटिव्ह आलं आहे.

घाईचं आधी. नागिणीवरचं औषध, म्हणजे असायक्लोविर किंवा त्याचंच भावंड व्हॅलासायक्लोविर, पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग होतो. पुरळ परवा उठलं म्हणता, म्हणजे वेळ अजून हातात आहे. गोळ्या आणून ठेवल्यात आणि 'आधी लेप लावून बघू' असं चाललं असेल, तर आजच सुरू करा. आईंना मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. हाच पट्टा कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असता, तर हे वाचणं बाजूला ठेवून आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, असं मी म्हटलं असतं. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारे मज्जातंतू एकाच फांदीचे असतात. शेंड्यावर फोड दिसला की डोळाही धोक्यात आहे असं धरून चालायचं.

आता बाळ. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्याला कांजण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजण्या होऊ शकतात. म्हणून फोड कोरड्या पट्टीनं किंवा सैल कपड्यानं झाकलेले ठेवा, आईंनी हात धुवावेत, त्यांचा टॉवेल वेगळा असू द्या, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, बाळाला त्यांच्या कुशीत देऊ नका. त्याच खोलीत बसायला हरकत नाही. बाळाच्या आईला कांजण्या होऊन गेल्या असतील तर तिच्याकडून आलेली प्रतिपिंडं पहिले काही महिने बाळाची राखण करतात, पण पाचव्या महिन्यात ती ओसरत आलेली असतात. त्यांच्यावर विसंबू नका. घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर बाळापेक्षाही त्यांची काळजी मला जास्त वाटते. आणि हो, पट्ट्याची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती मनातून काढून टाका. हा विषाणू एका मज्जातंतूच्या हद्दीत उठतो, आणि ती हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. टोकं जुळतच नाहीत.

इथून पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

संसर्गजन्य आजारांत तीस वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट सगळ्यात उपयोगी वाटत आली आहे. विषाणू अंगात राहणार की जाणार, हे त्याच्या ताकदीवर ठरत नाही. तो कुठल्या पेशीत शिरतो आणि ती पेशी किती जगते, यावर बरंचसं ठरतं. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला मजकूर, डीएनएचा किंवा आरएनएचा. त्याला खाणं नाही, श्वास नाही, स्वतःहून वाढणंही नाही. पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या नकला काढून घेतो. (अँटिबायोटिक विषाणूवर का चालत नाहीत याचं उत्तरही हेच. पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतं. इथे भिंतच नाही.) तेव्हा 'विषाणू राहिला' याचा अर्थ त्याचा मजकूर एखाद्या जिवंत पेशीत शाबूत राहिला. सर्दीचा विषाणू नाकाच्या अस्तरात शिरतो. त्या पेशी मुळातच थोड्या आयुष्याच्या. त्या झडल्या की त्याचं बिऱ्हाड मोडलं. कांजण्यांचा विषाणू मात्र मज्जापेशीत शिरतो, आणि आईंच्या मज्जापेशी त्यांच्याच वयाच्या आहेत.

घडतं ते असं. कांजण्यांत त्वचेवर फोड येतात, तिथे मज्जातंतूंची टोकं असतात. विषाणू त्या टोकांतून आत शिरतो आणि तंतूच्या आतूनच सरकत मणक्याशेजारच्या मज्जापेशींच्या गाठीपर्यंत पोचतो. तिथे पेशीच्या केंद्रकात त्याचं डीएनए पडून राहतं, जवळजवळ मुकं. प्रथिनं फारशी बनत नाहीत, त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीला पकडायला काही हाती लागत नाही. फोड वाळतात, मूल शाळेत जायला लागतं, सगळे विसरतात.

हे कळायला वेळ लागला. बुडापेस्टच्या यानोश बोकाई या बालरोगतज्ज्ञांनी १८९२ मध्ये पाहिलं, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी मुलांना कांजण्या होतात. पण त्या मोठ्या माणसाला विषाणू मिळाला कुठून? त्याचं उत्तर शोधणारे होते इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरचे साधे फॅमिली डॉक्टर, होप-सिम्पसन. सुमारे साडेतीन हजार लोकांच्या आपल्या दवाखान्यात त्यांनी सोळा वर्षं नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९२ रुग्ण झाले. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून येत नाही, आतला विषाणू जागा होतो. वय वाढेल तसं तिचं प्रमाण वाढतं आणि बाहेरच्या कांजण्यांच्या साथीशी ते जुळत नाही. मोठी प्रयोगशाळा नाही, निधी नाही, नुसती चिकाटीनं ठेवलेली वही. मला या माणसाचं फार कौतुक आहे. डीएनए तपासण्याची तंत्रं आल्यावर त्यांचं म्हणणं पक्कं झालं.

मग साठ वर्षांनी तो जागा का झाला? त्याच्यावर पहारा असतो तो टी पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा. प्रतिपिंडं भरपूर असली तरी इथे त्यांचा फारसा उपयोग नाही. वयाबरोबर टी पेशींचा पहारा सैल होतो. स्टेरॉइड, केमोथेरपी, एचआयव्ही यांनीही होतो. पंच्याऐंशीपर्यंत जगणाऱ्या साधारण दोघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते. रक्त बिघडलंय, उष्णता साठलीय, असलं काही मनाला लावून घेऊ नका. विषाणू जागा होतो, तंतूतून उलटा प्रवास करत त्वचेकडे येतो, येताना त्या तंतूला ओरबाडत येतो. म्हणून पुरळाआधी दोन-तीन दिवस आग होते आणि लोक हृदयाचं दुखणं समजून किंवा मुतखडा समजून धावतात. म्हणूनच पुरळ गेल्यावरही कुणाकुणाचं दुखणं महिनोन्महिने राहतं. ते राहिलं तर 'वयामुळे असेल' म्हणून सोसत बसू नका. त्यावर वेगळी औषधं आहेत, साध्या वेदनाशामकांनी ते ऐकत नाही.

असायक्लोविरची करामत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गोळी पेशीत शिरते तेव्हा ती निष्क्रिय असते. तिला चालू करण्याची पहिली कळ दाबतं ते विषाणूचं स्वतःचं एन्झाइम. निरोगी पेशीत ते नसतं, तिथे औषध जवळपास गप्प पडून राहतं. लागण झालेल्या पेशीत मात्र विषाणू स्वतःच औषध जागं करतो आणि त्याच्या डीएनएची नक्कल मध्येच अडकते. विषाणूवर असं नेमकं औषध काढता येईल यावर आधी फार कुणाचा भरवसा नव्हता. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पण त्याची मर्यादाही याच युक्तीत आहे. झोपलेला विषाणू ते एन्झाइम बनवतच नाही, म्हणून औषधाला त्याचा पत्ता लागत नाही. गोळ्या आठवडाभर घेतल्या की विषाणू 'निघून' जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो परत झोपेल, इतकंच.

आता तुमचा रिपोर्ट. कांजण्यांचा विषाणू हर्पिस कुळातला. या कुळातले नऊ विषाणू माणसाच्या वाट्याला आले आहेत, आणि एकदा शिरले की त्यातला एकही निघत नाही. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स-१ जगातल्या पन्नाशीच्या आतल्या साधारण तिघांपैकी दोघांत आहे. बहुतेकांना एकदाही फोड आलेला नसतो. एपस्टाइन-बार विषाणू नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांत आहे. तो बी पेशींत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत, राहतो. १९६४ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींत एपस्टाइन आणि बार यांना तो सापडला, म्हणजे कर्करोगाशी नातं लागलेला तो माणसाचा पहिला विषाणू. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं, की मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मज्जातंतूंचं वेष्टन झिजवणाऱ्या आजाराचा) धोका याची लागण झाल्यावर सुमारे बत्तीस पट वाढतो. आकडा वाचून दचकू नका. विषाणू जवळजवळ सगळ्यांत आहे आणि आजार फार थोड्यांना होतो, त्यामुळे तुमच्या-माझ्यापुरता त्याचा अर्थ अगदी छोटा आहे.

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी गाठ पडली होती, याहून त्यात काही वाचू नका. आज आजार आहे, जोडीदारानं फसवलं, औषध लागेल, यातलं काहीही त्यातून निघत नाही. त्रास काहीच नसताना ही तपासणी करून घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. माझ्याकडे एकदा एक जोडपं या एका कागदावरून वेगळं व्हायच्या बेतात आलं होतं. दोघांत मिळून फोड एकही नव्हता.

टिकून राहणाऱ्यांत सगळे हर्पिससारखे मुके नसतात. कावीळ आणणाऱ्या ब आणि क (हिपॅटायटिस बी आणि सी) या दोन विषाणूंची जोडी बघा. दोघंही यकृतात, दोघंही वर्षानुवर्षं राहणारे, दोघंही शेवटी यकृत निबर करणारे किंवा कर्करोगाकडे नेणारे. पण ब विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद कडं ठेवून देतो. टेनोफोविरसारखी औषधं नकला काढणं थांबवतात, कडं तसंच राहतं, म्हणून बहुतेकांना औषध वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. क विषाणू आरएनएचा. केंद्रकात त्याची ठेव नाही, टिकायचं तर सतत नव्या नकला काढाव्या लागतात. नकला काढणं दोन-तीन महिने बंद पाडलं की त्याचा वंश खुंटतो. १९८९ मध्ये सापडलेला हा विषाणू २०१३ नंतरच्या गोळ्यांनी आठ ते बारा आठवड्यांत शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक लोकांतून पूर्ण जातो. माझ्या उमेदवारीच्या काळात याच आजाराला आम्ही वर्षभर इंजेक्शनं देत होतो, माणूस तापानं आणि नैराश्यानं पिचून जायचा, आणि निम्म्यांना गुण येत नसे. यातला दैवाचा खेळ असा, की ब ला उत्तम लस आहे पण मुळापासून बरं करणारं औषध नाही. क ला औषध आहे, लस नाही.

ब बाबत आणखी एक, कारण ते वयाशी बांधलेलं आहे. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. प्रौढपणी झाली तर शंभरात पाचांहूनही कमी जणांत. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून नीट ओळखत नाही. म्हणून पहिली लस जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची असते, 'पुढच्या भेटीत देऊ' याला इथे जागा नाही. आणि जे प्रौढ 'बरे' झाले त्यांच्याही यकृतात काही कडी उरतात. एरवी ती कधी जाणवत नाहीत, पण कर्करोगावरची किंवा सांध्यांवरची काही औषधं पहारा उठवतात आणि वीस वर्षांपूर्वीची कावीळ जीवघेणी होऊन परतते. अशी औषधं सुरू होण्याआधी ब ची तपासणी झाली आहे ना, हे रुग्णानं स्वतः विचारावं.

एचआयव्हीची पद्धत त्याहून निर्ढावलेली. आरएनएवरून डीएनए बनवून ते तो माणसाच्या गुणसूत्रातच शिवून टाकतो. ज्या टी पेशी आठवण जपण्यासाठी दशकानुदशकं जगतात, त्यातल्या काहींत ही शिवण असते. १९९६ पासूनच्या एकत्रित औषधांनी रक्तातला विषाणू मोजताच येणार नाही इतका खाली जातो आणि तसा राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागत नाही. हे दुसरं वाक्य अजून पुरेशा लोकांपर्यंत पोचलेलं नाही. पण औषध थांबवलं की बहुतेकांत काही आठवड्यांत तो परततो. बर्लिनमध्ये उपचार झालेले टिमोथी रे ब्राउन हे त्यातून पूर्ण मोकळे झालेले पहिले. रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांचा अस्थिमज्जाच बदलला होता, आणि दाता असा निवडला होता की त्याच्या पेशींना एचआयव्हीला लागणारं दारच नव्हतं. हा उपाय सगळ्यांसाठी नव्हे, हे उघड आहे. असे शिवले गेलेले प्राचीन विषाणू आपणा सगळ्यांतच आहेत. माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग त्यांच्या अवशेषांचा आहे, आणि त्यातल्या एकाच्या प्रथिनावाचून गर्भाची वार नीट घडत नाही. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या त्या लागणीला आता आजार कोण म्हणेल?

काही वेळा राहणं आणि जाणं यांच्या मधलंच काहीतरी घडतं. गर्भाशयमुखाचा कर्करोग आणणारा एचपीव्ही बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून दोन वर्षांत आपसूक दिसेनासा होतो. ज्या थोड्यांत रेंगाळतो, त्यांच्यात दहा-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. त्यातले सत्तर टक्के कर्करोग १६ आणि १८ या दोनच प्रकारांचे. म्हणून लस वयात येताना आणि तपासणी तिशीनंतर, दोन्ही हवं.

आता जाणारे. इथे लोक दोन प्रश्न एकात मिसळतात: विषाणू राहतो का, आणि त्याची आठवण राहते का. गोवराचा विषाणू जातो, आठवण राहते. याचा सगळ्यात सुंदर पुरावा १८४६ चा. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर पासष्ट वर्षांत गोवर आला नव्हता. तो आला तेव्हा सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० आजारी पडले. पाहणीला गेलेल्या पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरनं म्हाताऱ्यांना विचारत फिरून लिहिलं, की ज्यांना १७८१ च्या साथीत गोवर झाला होता, त्यातल्या एकालाही पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं आठवण टिकली, मध्ये एकदाही उजळणी न होता. आणि ती उपयोगी पडली कारण गोवराचा विषाणू आपला चेहरा बदलत नाही. आज दिली जाणारी लस १९६० च्या दशकातल्या वाणांवरच बेतलेली आहे आणि तरी चालते.

सर्दीचं उलट. तुम्हाला दरवेळी तीच सर्दी होत नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, वर कोरोना कुळातले चार नेहमीचे, शिवाय इतर. एकाची आठवण दुसऱ्याला लागू पडत नाही. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असं नव्हे. यादी लांब आहे आणि तो नुकता सुरुवातीला आहे. फ्लूचा विषाणू एकच म्हणावा तर दरवर्षी मुखवटा थोडा बदलून येतो, म्हणून लसही दरवर्षी. आठवण पक्की असते हे मात्र फ्लूनंही दाखवलं. १९५७ मध्ये नाहीसा झालेला एच१एन१ हा प्रकार १९७७ मध्ये परत आला, तेव्हा आजारी पडले ते मुख्यतः पंचविशीच्या आतले. वरच्या वयाच्या लोकांची त्याच्याशी जुनी ओळख होती.

आणि डेंग्यूत आठवणच अंगावर येते. त्याचे चार प्रकार. पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडं दुसऱ्याला अर्धवट चिकटतात, मारू शकत नाहीत, उलट त्याला पेशींत शिरायला हात देतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेल्या डेंग्यूत गंभीर होण्याचा धोका जास्त. त्यात घात होतो तो ताप उतरताना, सगळे निश्चिंत होतात तेव्हा. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यातलं काही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा काय म्हणतो याची वाट न बघता रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉल; ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको.

गोवराबद्दल मात्र 'गेला' म्हणताना माझी जीभ अडखळते. क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत तो बिघडलेल्या रूपात राहून जातो आणि सात-दहा वर्षांनी मेंदू पोखरू लागतो. मुलाचं अक्षर बिघडतं, अभ्यास मागे पडतो, मग झटके. मी अशी मोजकीच मुलं पाहिली, एकही वाचलं नाही. शिवाय गोवर इतर आजारांची साठवलेली आठवणही पुसतो. २०१९ च्या एका अभ्यासात मुलांची ११ ते ७३ टक्के जुनी प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. त्याला 'सगळ्यांनाच होतो' म्हणून सोडून देणाऱ्यांशी मी वाद घालते, आणि घालत राहणार.

शरीरात काही खोल्या अशा आहेत की तिथे प्रतिकारशक्ती जपून पाऊल टाकते: डोळ्याचं आतलं दालन, वृषण, मेंदू. जाणारे विषाणूही तिथे मागे रेंगाळतात. इबोलातून वाचलेल्या एका अमेरिकी डॉक्टरच्या रक्तातून विषाणू गेल्यावर काही आठवड्यांनी तो डोळ्यात सापडला, त्या डोळ्याचं निळं बुबुळ काही काळ हिरवं झालं होतं. २०२१ मध्ये गिनीत इबोलाची नवी साथ आली, तेव्हा विषाणूचा मजकूर २०१४ ते १६ च्या साथीशी जवळजवळ जसाच्या तसा जुळला. म्हणजे तो जंगलातून नव्यानं आला नव्हता, कुण्या वाचलेल्या माणसात पाच वर्षं थांबला होता. उलट बाजूनंही फसायला होतं. पीसीआर चाचणी विषाणूच्या मजकुराचे तुकडे ओळखते, ते तुकडे मेलेल्या विषाणूचेही असतात. बरं होऊन तीन आठवडे झालेल्या माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून त्याला पुन्हा कोंडून घालणं बहुधा व्यर्थ असतं.

रेबीज यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. तोही मज्जातंतूच्या आतूनच सरकतो, अगदी कांजण्यांच्या विषाणूसारखा, पण तो वाटेत झोपत नाही. चावल्यापासून मेंदूपर्यंत पोचायला बहुधा एक ते तीन महिने घेतो. तेवढाच आपला अवकाश. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, लस लगेच, कातडी फाटून रक्त आलं असेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. लक्षणं सुरू झाल्यावर आमच्या हातात जवळजवळ काही उरत नाही.

देवीचा रोग पृथ्वीवरून का गेला आणि कांजण्या का जाणार नाहीत, तेही आता तुमचं तुम्हालाच सांगता येईल. देवीचा विषाणू माणसाखेरीज कुठल्या प्राण्यात राहत नव्हता, बरा झालेल्या माणसात लपत नव्हता, आणि ज्याला झाला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. १९७७ च्या ऑक्टोबरात सोमालियातल्या शेवटच्या नैसर्गिक रुग्णाभोवती लस दिलेल्या माणसांचं कडं पूर्ण केल्यावर त्याला जायला जागा उरली नाही, आणि १९८० मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं. कांजण्यांच्या शेवटच्या रुग्णाभोवती तसं कडं केलं, तरी तुमच्या आईंसारखी कोट्यवधी माणसं तो पाठीच्या कण्याशेजारी घेऊन हिंडत असतील.

आईंना एकदा झाली म्हणून नागीण पुन्हा होणारच नाही असं नाही. पुरळ पूर्ण बरं झाल्यावर पन्नाशीपुढच्यांसाठीची नागिणीची लस घ्यावी, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. दुसऱ्या दिवशी दंड चांगलाच ठणकतो, ते आधी सांगून ठेवा. बाळाला वर्षाचं झाल्यावर कांजण्यांची लस मिळेल. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, आणि खरं सांगायचं तर तोही मज्जातंतूच्या गाठीत जाऊन बसू शकतो; फक्त लस मिळालेल्या मुलांत पुढे नागीण होण्याचं प्रमाण खऱ्या कांजण्या झालेल्यांपेक्षा बरंच कमी दिसतं. तोवर आज एवढं करा: घरात कुणाकुणाला कांजण्या होऊन गेल्या आहेत, हे आईंना विचारून लिहून ठेवा. कुणाबद्दल खात्री नसेल तर त्यांनीही खपल्या धरेपर्यंत त्या फोडांना हात लावू नये, आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप येऊन अंगावर पाणीदार पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.